बेडूक, विद्यार्थी आणि कायदा

मृगाचा पाऊस पडून वसई-विरारकडील उरलींसुरलीं भातखाचरें पाण्यानें भरलीं म्हणजे रात्रीं बेडकांचा गजर सुरू होतो. ह्याच प्राण्याच्या देहांत महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं प्रथम हृदय पाहिलें, यकृत ओळखलें आणि मज्जातंतूंचा माग काढला. मेणाच्या थाळींत टांचण्यांनीं जखडलेला बेडूक ही प्राणिशास्त्राच्या अभ्यासाची जणुं खूणच होऊन बसली होती.

ती खूण आतां पुसली गेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ सालीं प्राणिविच्छेदन कमी करण्याच्या सूचना काढल्या. पुढें ऑगस्ट २०१४ मध्यें, म्हणजे ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा झाला त्याच महिन्यांत, प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही अभ्यासक्रमांतून विच्छेदन बंद करण्याविषयीं आयोगानें विद्यापीठांस कळविलें. वसईचें अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय आणि विरारचें विवा महाविद्यालय हीं मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असल्यामुळें तेथील विद्यार्थ्यांसहि हाच दंडक लागू पडतो. साहजिकच अनेक पालक विचारतात कीं, ह्या दयेपायीं मुलांचें शास्त्र कच्चें तर राहणार नाहीं ना?

प्रश्न रास्त आहे; कारण मनुष्यावर प्राण्यांचें ऋण मोठें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, तेव्हां हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्रतिबंधक लस तयार केली. ती प्रथम सशांना टोंचून पाहिली आणि मग १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ती स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. आजहि भाताच्या बांधावर नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसें डसलें, तर ज्या प्रतिविषानें शेतकऱ्याचे प्राण वांचतात, तें घोड्यांच्या रक्तापासून बनतें. घोड्याला विषाची थोडीथोडी मात्रा टोंचीत गेल्यानें त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारीं द्रव्यें उत्पन्न होतात आणि तींच रोग्यास देण्यांत येतात.

परंतु हा घोडा आणि थाळींतील तो बेडूक ह्यांत महत्त्वाचा फरक आहे. घोड्यावांचून शेतकऱ्याचा जीव वांचविण्याचें साधन हातीं राहत नाहीं. बेडकाचें हृदय तीन कप्प्यांचें असतें ही गोष्ट मात्र पुस्तकांत केव्हांच नोंदली गेली आहे, आणि ती पुनःपुन्हां पटविण्यासाठीं दरसाल नवे जीव खर्ची पडत. शिवाय शेतांतील किडे खाणाऱ्या बेडकाची उपयुक्तता ओळखून भारतानें बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ सालीं बंद केली होती. जो प्राणी परदेशीं पाठविणें अयोग्य ठरलें, तो शाळा-महाविद्यालयांसाठीं पकडीत राहणें विसंगत होतें.

हा विवेक कायद्याला नवा नाहीं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या संसदेंतील प्रयत्नांतून जो प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालीं झाला, त्यानें ज्ञानवृद्धीसाठीं केलेल्या प्रयोगांस मनाई केली नाहीं; पण त्यांवर देखरेख ठेवण्यासाठीं केंद्रीय समिति नेमण्याची तरतूद केली. शस्त्रक्रिया करतांना शक्यतों पुरेशी भूल द्यावी. लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा प्राणी घेऊं नये. निव्वळ हात बसावा म्हणून प्रयोग करूं नये. आणि पुस्तकें, प्रतिकृति वा चित्रपट यांनीं तितकेंच शिकवितां येत असेल, तर महाविद्यालयांनीं प्रयोग टाळावे, हीं तत्त्वें त्याच कायद्यांत नमूद आहेत. त्यांतील शेवटचें तत्त्व अध्यापनांत पूर्णपणें उतरावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

संशोधनासाठीं १९९८ च्या नियमांनीं आणखी एक पायरी घातली. जी संस्था प्राण्यांवर प्रयोग करूं इच्छिते, तिनें नोंदणी केली पाहिजे आणि स्वतःची नीतिसमिति ठेविली पाहिजे. हिच्यांत आठ सभासद असतात: एक जीवशास्त्रज्ञ, जीवशास्त्राच्या निरनिराळ्या शाखांतील दोन शास्त्रज्ञ, एक पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, संस्थेबाहेरील एक शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेली परंतु सामाजिक जाणीव असलेली एक व्यक्ति, आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधि. उंदीर, ससे अशा लहान प्राण्यांसाठीं ह्या समितीची संमति पुरते. कुत्रा, माकड यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठीं प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो.

समितीच्या प्रश्नांमागें रसेल आणि बर्च ह्या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं मांडलेलीं तीन सूत्रें आहेत. प्राण्याऐवजीं दुसरें साधन चालेल काय? प्राण्यांची संख्या कमी करतां येईल काय? त्यांच्या यातना कमी करतां येतील काय? ह्यांतील दुसरा प्रश्न वाटतो तितका सरळ नाहीं. चाळीस उंदरांऐवजीं चारच घेतले, तर वरकरणी दया दिसते. पण चारांवरून कांहींच निष्कर्ष निघाला नाहीं, तर ते चारहि जीव फुकट गेले. म्हणून गणित आणि भूतदया यांना एकाच टेबलाशीं बसावें लागतें.

तरीहि नियमांनीं सर्व कांहीं साधतें असें नाहीं. एकाच संस्थेंतील सहकारी एकमेकांचे प्रस्ताव तपासूं लागले, म्हणजे भीड आडवी येते. शास्त्रज्ञ नसलेला सभासद पारिभाषिक शब्दांनीं दबून गेला, तर त्याची उपस्थिति केवळ सहीपुरती उरते. "हा प्रयोग कशासाठीं?" हें साध्या भाषेंत विचारणें हेंच त्याचें काम आहे; आणि त्यास साध्या भाषेंत उत्तर देतां न येणें हीच पुष्कळदां प्रस्तावांतील उणीव असते.

राहिला कच्च्या शास्त्राचा प्रश्न. ज्यांना प्राण्याच्या देहाला हात लावावाच लागतो, त्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठींहि मार्ग आहे. १८८६ सालीं सुरू झालेल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणिरुग्णालयाची जोड आहे. तेथें विद्यार्थी आजारी जनावर बरें करतां करतां शिकतात. वसईच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाहि खाचराच्या कडेला उभें राहून नराची हांक, पाण्यावर तरंगणारीं अंडीं आणि दिवसागणिक बदलणारे भैरे पाहतां येतील. थाळींतील निपचित देहानें ह्यांतलें कांहींच कधीं शिकविलें नव्हतें.

विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या घरीं म्हणूनच दोन गोष्टींची विचारपूस व्हावी: प्राण्यावांचून काय शिकविलें जातें, आणि जेथें प्राणी लागतोच तेथें त्याची गरज कोणासमोर सिद्ध करावी लागते. ह्या दुसऱ्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देऊं शकणारी प्रयोगशाळाच विश्वासास पात्र होय.