रोपांचा पिवळेपणा : तहान की सामू ?
छपराखाली वाढविलेली मिरची-टोमॅटोची रोपे पिवळी पडली की पुष्कळ बागाईतदार पाणी वाढवितात, आणि त्यानेच रोपे दगावतात. सावलीत ओल लवकर आटत नाही. सदा भिजलेल्या मातीत मुळांस हवा मिळत नाही, आणि बुरशीमुळे रोपे बुडाशी कुजतात व कोलमडतात. मात्र कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्यास दोष बहुधा सामूचा, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्लपणाचा, समजावा. विहिरीच्या जड पाण्याने सामू ७·५ च्या वर चढला म्हणजे मातीतील लोह मुळांस घेता येत नाही. तो ६ ते ७ असावा. सबब वरचा थर सुकल्यावरच, शक्य तर साठविलेले पावसाचे, पाणी द्यावे. खतापूर्वी सामू तपासावा. रोप गेले म्हणजे हंगामही जातो.