गांवच्या पाण्याचा जमाखर्च

पाऊस किती पडला याची चर्चा प्रत्येक पारावर होते. त्यांतला विहिरींत किती उतरला हें मोजणारे मात्र फारच थोडे. सोलापूर येथें १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें. तेथील प्रयोगांवरून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी यांची जी पद्धति ठरली, ती पुढें ‘मुंबई पद्धति’ या नांवानें प्रसिद्ध झाली. शास्त्र खरें होतें. परंतु समपातळीवरील बांध एका शेताच्या हद्दींत संपत नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें तो घातला नाहीं तर खालच्याचा फुटतो. म्हणून १९४२ सालीं मुंबई सरकारास जमीनसुधारणेचा स्वतंत्र कायदा करावा लागला. पाण्याविषयींच्या संशोधनाची अडचण तेव्हांपासून हीच आहे कीं, तें एकट्या खातेदाराच्या हातीं देऊन भागत नाहीं. विहिरीच्या पाण्यास तर हें अधिकच लागू पडतें.

आपल्या दख्खनच्या पठाराखालीं काळा पाषाण थरावर थर असा पसरलेला आहे. वरचा मुरूम आणि त्याखालील झिजलेला, भेगाळ, सच्छिद्र खडक पाणी धरतो. घट्ट काळा फत्तर जवळजवळ कांहींच धरीत नाहीं. भूजलाच्या मोजणीसाठीं देशांत जीं प्रमाणें मानतात त्यांप्रमाणें आपल्या खडकांत पावसाचे शंभरांतून सात ते तेरा भागच मुरतात. आणि भेगाळ खडक शंभर घनफूट भिजला, तर त्यांतून विहिरीस मिळणारें पाणी सुमारें दोन घनफूट. म्हणजे विहिरीचें पाणी चार मीटर चढलेलें पाहून आपणांस हर्ष होतो खरा, पण त्या टापूखालीं प्रत्यक्ष हातीं आलेला थर अवघ्या आठ सेंटिमीटरांचा असतो. भरलेली विहीर माघांत कां आटते, याचें कोडें येथेंच उलगडतें.

आतां हिशेब करून पाहूं. समजा, एका गांवच्या विहिरींचा टापू २०० हेक्टर आहे (एक हेक्टर म्हणजे अडीच एकर), आणि मेअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाणी सरासरीनें ४ मीटर चढलें. २० लक्ष चौरस मीटर क्षेत्रावर ८ सेंटिमीटर, म्हणजे जमेस १ लक्ष ६० हजार घनमीटर. यांतून दहावा भाग ओढ्यानाल्यांस आपोआप झिरपून जाईल असें धरावें. राहिले १ लक्ष ४४ हजार. हजार माणसांच्या वस्तीस माणशीं रोजीं ५५ लिटर या सरकारी मापानें वर्षाचे २० हजार घनमीटर लागतात, आणि पांचशें थोर जनावरांस रोजीं ४० लिटरप्रमाणें सात हजार. बाकी उरली १ लक्ष १७ हजार. हेक्टरी गव्हास ४ हजार, दोन पाण्यांच्या हरभऱ्यास दीड हजार आणि उसास, पावसाचें पाणी वजा जातां, निदान १५ हजार घनमीटर धरूं. मग एवढ्याच बाकींत २९ हेक्टर गहूं होईल, किंवा ७८ हेक्टर हरभरा होईल. ऊंस मात्र आठ हेक्टरही पुरता होणार नाहीं.

एवढें सांगणें शास्त्राचें काम. ते ७८ हेक्टर कोणाकोणाचे, हें सांगणें शास्त्राचें काम नव्हे; तें गांवानेंच ठरवावें लागतें. आणि खरी कसोटी येथेंच लागते. कारण ज्याची विहीर खोल व जागा ओढ्याकाठची, त्याला या हिशेबानें तत्काळ कांहींच लाभ नाहीं. त्याचा ऊंस आजही उभा आहे. या मासिकाचे पुष्कळ वाचक असेच चांगल्या विहिरीचे धनी आहेत, म्हणून ही गोष्ट आम्ही आडपडदा न ठेवितां लिहितों.

यास उपाय काय, हें निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या रीतीनें ठरलें. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें कै. विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथें पाणी जमिनीवर नव्हे, तर घरांतील माणसांवर वांटलें. माणशीं अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनासही वाटा दिला, आणि ऊंस वर्ज्य केला. अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं १९९० च्या सुमारास गांव उभारणीस लागलें. त्या पर्जन्यछायेच्या गांवानें पाण्याचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेंत मांडण्याची रीत घातली, सिंचनासाठीं विंधनविहीर नको असें ठरविलें, आणि ऊंस व केळीं बंद केलीं. याच्या उलट आंध्रांतील सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत २००३ पासून जो उपक्रम चालला, त्यांत बंदी कोणतीच नव्हती. सहाशेंहून अधिक वस्त्यांतील शेतकरी स्वतः पर्जन्यमापक वाचीत, विहिरी मोजीत, आणि रब्बीपूर्वीं जमाखर्च सर्वांसमोर मांडीत. पीक ज्याचें त्यानें निवडावें. तरीही पुष्कळ ठिकाणीं लोक कमी पाण्याच्या पिकांकडे वळले.

आमचें मत असें कीं, ऊंस आणि खोल विंधनविहीर या दोन बाबतींत गांवानें निर्बंध घालावाच. कारण आपल्या खडकाचें कोठार इतकें लहान कीं, एका भोंकानें शेजारच्या चार विहिरी कोरड्या पडूं शकतात. इतर पिकांविषयीं मात्र हिशेब उघड करणें पुरे आहे. शेजाऱ्यांच्या देखत बाकी वाचून दाखविल्यावर मनुष्य आपोआप विचार करतो.

हवामानशास्त्राचा येथें संबंध काय, असें कोणी विचारील. मध्य भारतांत १९५० पासून २०१५ पर्यंत मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, असें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनीं २०१७ सालीं इतर संशोधकांसह दाखविलें. दोन दिवसांत पडलेले आठ इंच आणि महिनाभर रिमझिमून पडलेले आठ इंच तलाठ्याच्या कागदावर सारखेच दिसतात. विहिरीस ते सारखे नव्हेत. एकानें नाला लाल होऊन वाहतो, दुसऱ्यानें मुरूम भिजतो. म्हणून यापुढें पावसाच्या एकूण बेरजेवरून पेरा ठरविणें धोक्याचें झालें आहे. पाऊस आणि विहीर दोन्ही मोजलीं पाहिजेत.

मोजणीस खर्च थोडा. पर्जन्यमापक उघड्या जागीं, जवळच्या झाडाच्या वा घराच्या उंचीच्या दुपटीइतका दूर ठेवावा, आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां वाचावा. गांवच्या वरच्या, मधल्या व खालच्या अंगाच्या पांचसहा विहिरी निवडाव्या. आदल्या सायंकाळपासून पंप बंद ठेवून कठड्यावरील कायमच्या खुणेपासून पाण्यापर्यंत फीत सोडावी. हें मेअखेर व सप्टेंबरअखेर अवश्य करावें. अस्तर घातलेलीं शेततळीं कोणी विहिरीच्या पाण्यानें भरीत असेल, तर तें पाणी खर्चाच्या बाजूस मांडावें; तें साठवण नव्हे, उन्हाळ्यांत त्यांतलें पुष्कळ वाफ होऊन जातें.

सभा मात्र वेळेवर भरली पाहिजे. रब्बी ज्वारीचा पेरा सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतो. तिला पाण्याची गरज थोडी, म्हणून ती सभेसाठीं खोळंबत नाहीं. हरभरा व गहूं यांचा निर्णय ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत झाला तर उपयोग. गव्हाचें बीं घरांत येऊन पडल्यावर कोणी हिशेब ऐकत नाहीं.