पिपांच्या शर्यतीचा घोडा : रक्त, चंदी आणि मेहनत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः टेक्सास, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको अशा गुराख्यांच्या मुलखांत, 'रोडिओ' या नांवानें घोडेस्वारीचे व गुरें आवरण्याचे सामने भरत असतात. पिपांची शर्यत हा त्यांपैकींच एक प्रकार होय. मैदानांत तीन रिकामीं पिपें त्रिकोणाकृति मांडलेलीं असतात. स्वारानें भरधांव आंत यावयाचें, प्रत्येक पिपाभोंवतीं एकेक वळसा घ्यावयाचा आणि तसेंच भरधांव बाहेर पडावयाचें, एवढाच हा खेळ. पूर्ण मापाच्या मैदानांत पहिल्या दोन पिपांमधील अंतर ९० फूट असतें, त्या दोहोंपासून तिसरें पीप १०५ फूट, आणि वेळ मोजण्याची रेषा पहिल्या दोहोंपासून ६० फूट. अशा मैदानांत चांगला घोडा सतरा सेकंदांच्या आसपास परत येतो. पीप पडलें तर पांच सेकंद दंड म्हणून वेळेंत मिळविले जातात. आणि निकाल सेकंदाच्या शतांशावर लागत असल्यामुळें पीप पाडणाऱ्या स्वाराची आशा बहुधा तेथेंच संपते. धंदेवाईक रोडिओंत हा प्रकार मुख्यत्वें स्त्रियांचा आहे. १९४८ सालीं टेक्सासमधील सॅन अँजेलो येथें स्त्री-स्वारांनीं आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली.

या सतरा सेकंदांत घोड्याकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागितल्या जातात. सरळ रेषेंत त्यानें बाणासारखें सुटावें. आणि पिपाजवळ येतांच, लगाम ओढला जाण्याची वाट न पाहतां, मागचे पाय पोटाखालीं घेऊन वेग आवरावा, अंग वांकवून वळावें व पुन्हां सुटावें. नुसता वेगवान घोडा पिपाच्या पुढें वाहवत जाऊन वेळ घालवितो. नुसता चपळ घोडा परतीच्या दौडींत मागें पडतो. म्हणून घोडा घेणारा प्रत्येक जण प्रथम विचारतो, "रक्त कोणतें?" प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या उत्तरावर जितका पैसा ओतला जातो, तितकें तें उत्तर बोलकें नसतें.

या शर्यतींतील बहुतेक घोडे 'क्वार्टर हॉर्स' जातीचे असतात. पाव मैलाच्या दौडींत इतर जातींना मागें टाकणारी म्हणून तिला हें नांव पडलें. १९४० सालीं फोर्ट वर्थ येथें तिची नोंदणीसंस्था निघाली, आणि पुढें थरोब्रेड जातीचें रक्तही तींत पुष्कळ मिसळलें. १९४० सालींच जन्मलेल्या 'थ्री बार्स' या थरोब्रेड घोड्याचा पणतू 'डॅश फॉर कॅश', त्याचा मुलगा 'फर्स्ट डाउन डॅश' आणि नातू 'डॅश टा फेम' ही वेगाची परंपरा प्रसिद्ध आहे. दुसरी परंपरा 'सन फ्रॉस्ट' या घोड्याची. 'फ्रेंचमन्स गाय' हा त्याचाच मुलगा; आणि 'फ्रेंच फ्लॅश हॉक' या दुसऱ्या मुलानें १९९४ सालीं व पुन्हां १९९६ ते १९९८ या तीन वर्षीं आपल्या स्वारीणीला जगज्जेतेपद मिळवून दिलें. एका घराण्याकडून वेग घ्यावा, दुसऱ्याकडून वळण व समजूत घ्यावी, असा हिशेब पैदास करणारे मांडतात.

हा हिशेब कोठें फसतो हें पाहण्यासारखें आहे. वेगाच्या घराण्यांची परीक्षा मुख्यतः दोन वर्षांच्या शिंगरांवर होते. न्यू मेक्सिकोंतील रुइडोसो डाउन्स येथें १९५९ सालीं सुरू झालेली मोठ्या बक्षिसाची शर्यत दोन वर्षांच्या घोड्यांचीच आहे, आणि तीही सरळ धांवेची. अशा परीक्षेंतून निवडलेलें रक्त लवकर वयांत येतें व सरळ जोरानें धांवतें, एवढेंच सिद्ध होतें. वळणावर पाय टिकतील कीं नाहीं, आणि घोडा बाराव्या वर्षीं धांवत असेल कीं नाहीं, हें त्या परीक्षेंत विचारलेलेंच नसतें.

याच्या उलट उदाहरण 'स्कँपर'चें आहे. नोंदणीचें नांव 'गिल्स बे बॉय', जन्म १९७७. न्यू मेक्सिकोंतील क्लेटन गांवच्या शार्मेन जेम्स या मुलीकरितां तो ११०० डॉलरला घेतला गेला. उड्या मारून स्वाराला पाडणारा म्हणून त्याची ख्याति होती, आणि ही किंमत कांहीं कुळाची नव्हे. १९८४ सालीं चौदा वर्षांच्या शार्मेननें त्याच्यावर बसून जगज्जेतेपद मिळविलें, आणि १९९३ पर्यंत लागोपाठ दहा वर्षें तें सोडलें नाहीं. १९८५ च्या अंतिम सामन्यांत धांवतांना त्याच्या तोंडचा लगामच सुटला. तरी त्यानें तिन्ही पिपें आपल्या आपण घेऊन ती फेरी जिंकली. पहिल्या विजयाच्या वर्षीं तो सात वर्षांचा होता व दहाव्याच्या वर्षीं सोळा वर्षांचा, ही गोष्ट वंशावळ वाचणाऱ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी.

स्कँपर खच्ची केलेला असल्यामुळें त्याला संतति होणें शक्य नव्हतें. म्हणून त्याच्या पेशींपासून २००६ सालीं 'क्लेटन' नांवाचें हुबेहूब शिंगरू निर्माण करण्यांत आलें; शर्यतीसाठीं नव्हे, वंशासाठीं. क्वार्टर हॉर्सची नोंदणीसंस्था अशा घोड्यांची नोंद करीत नाहीं. त्यावर खटला झाला, २०१३ सालीं ज्यूरीनें संस्थेविरुद्ध निर्णय दिला, आणि २०१५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. पिपांच्या शर्यतीला नोंदणीचा कागद लागत नाहीं, हा भाग निराळा.

रक्ताची चौकशी खरोखर उपयोगी पडते ती दोष ओळखण्यासाठीं. क्वार्टर हॉर्स जातींत स्नायूंमध्यें साखर अवाजवी सांठण्याचा एक वंशागत दोष आढळतो. त्याचें मूळ २००८ सालीं सांपडलें, आणि आतां केसांच्या मुळांवरून त्याची तपासणी होते. अशा घोड्याला मका किंवा ओट भरपूर घालून दोन दिवस तबेल्यांत बांधून ठेवलें कीं तिसऱ्या दिवशीं थोड्या मेहनतीनें त्याचे पुठ्ठे दगडासारखे आंखडतात व तो घामानें निथळत जागच्या जागीं उभा राहतो. पुष्कळ मालक हा हट्टीपणा समजून चाबूक उगारतात. उपाय चाबकांत नाहीं, तोबऱ्यांत आहे : दाणा कमी, त्याऐवजीं थोडें तेल, आणि सुट्टीच्या दिवशींही कांहीं चाल. तसाच एक दोष १९६९ सालीं जन्मलेल्या 'इंप्रेसिव्ह' या घोड्याच्या वंशांत आहे. त्यांत पोटॅशियम अधिक असलेला लसूण घास व काकवी हीं बाधतात.

निरोगी घोड्याचीही चंदी समजून घालावी लागते, कारण त्याच्या पोटाची रचनाच वेगळी आहे. पांचशें किलोग्रॅम वजनाच्या घोड्याचा कोठा आठ ते पंधरा लिटरांचा, म्हणजे देहाच्या मानानें अगदींच लहान असतो, व त्यांत आम्ल अहोरात्र झरत असतें. हें आम्ल शमविणारी लाळ घोडा चावत असेल तेव्हांच सुटते. सकाळ-संध्याकाळ दोन तोबरे चढवून मधला सारा वेळ रिकामें तोंड ठेवलें कीं कोठ्याच्या वरच्या भागाला व्रण पडतात. गाडींतून शेंकडों मैल नेले जाणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांत हे व्रण फार. म्हणून वाळलेलें गवत हाच आहाराचा पाया धरावा. दिवसाकाठीं तें वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेसात ते दहा किलोग्रॅम असावें. दाणा द्यावयाचाच तर एका वेळीं अडीच किलोग्रॅमच्या वर जाऊं नये. त्याहून अधिक दाणा लहान आंतड्यांत न पचतां पुढें मोठ्या आंतड्यांत जाऊन आंबतो, आणि त्यांतून पोटशूळ किंवा खुरांचा दाह उद्भवतो. धांवण्यापूर्वीं थोडा लसूण घास खाऊं घातला तर त्यांतील चुन्याच्या अंशानें आम्ल शमतें व कोठ्यांत उसळत नाहीं. मीठ व स्वच्छ पाणी यांविषयीं सांगावयास नको. प्रवासांत मात्र परक्या गांवचें पाणी घोडा पीत नाहीं, हें विसरलें जातें.

घोडा किती भरला आहे हें ठरविण्यासाठीं टेक्सासच्या कृषि विद्यापीठांत १९८३ सालीं एक ते नऊ अंकांची मोजपट्टी तयार झाली. फांसळ्या डोळ्यांना न दिसतां हाताला लागाव्यात, हा पांचवा अंक शर्यतीच्या घोड्याला योग्य. प्रदर्शनांतला गुबगुबीत घोडा वळणावर स्वतःचेंच वजन स्वतःच्या सांध्यांवर टाकीत असतो.

मेहनतीची बाब त्याहून नाजूक आहे. विसाव्यानंतर घोड्याला पुन्हां कामास लावतांना सहा ते आठ आठवडे चाल, दुडकी व संथ दौड यांवरच ठेवावें. दम कांहीं आठवड्यांत येतो. कंडरा व हाडें यांना महिने लागतात. घोडा उत्साहानें धांवूं लागला म्हणजे तयार झाला असें वाटतें, आणि पाय नेमके याच मधल्या काळांत जातात. स्वस्थ असतांना मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारें हृदय भरधांव दौडींत दोनशेंच्या वर जातें. प्लीहेंत राखून ठेवलेल्या तांबड्या पेशीही त्या वेळीं रक्तांत उतरतात. हें यंत्र एकदम पेटवूं नये. आधीं पंधरा-वीस मिनिटें अंग मोकळें करावें. आणि दौड संपल्यावर श्वास शांत होईपर्यंत घोड्याला चालवावें, गाडीच्या कडीला बांधून मंडळींत गप्पांना जाऊं नये.

पिपांचा नकाशा घोडा एकदां शिकला कीं रोज भरधांव घोटवून घेण्यांत लाभ नाहीं. अशा घोकंपट्टीनें तो विटतो आणि मैदानाच्या दारापाशींच उभा राहून आंत जाण्यास नकार देतो. कित्येकदां त्या नकाराच्या मुळाशीं व्रणाची किंवा मागच्या पायाच्या सांध्याची वेदना असते. शहाणा स्वार टाच मारण्यापूर्वीं पशुवैद्याला बोलावितो. जमीनही पाहावी. खोल भुसभुशीत वाळूंत कंडरेवर ताण येतो, कठीण गुळगुळीत जमिनीवर पाय घसरतो.

चार-पांच वर्षांच्या घोड्यांसाठीं पिपांच्या ज्या खास शर्यती होतात, त्यांत बक्षिसें मोठीं असतात. त्यांच्या लोभानें शिंगरूं तिसऱ्या वर्षींच पिपांभोंवतीं घातलें जातें. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या सुमारास पुरी होते हें खरें. पण पाठीच्या मणक्यांची वाढ पांच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, आणि वळणाचा पीळ पाठीलाच बसतो. म्हणून विकत घेणाऱ्यानें बापाचें नांव वाचून झाल्यावर आईकडे वळावें : ती स्वतः किती वर्षें धांवली, तिच्या आधींच्या शिंगरांपैकीं दहा-बारा वर्षांचें होऊन अद्याप काम करणारें कोणी आहे काय, आणि समोरच्या घोड्याला पहिल्यानें भरधांव वळविला तो कोणत्या वयांत. विकणारा यावर गप्प राहिला, तर पुढच्या पायांच्या कंडरांवरून सावकाश हात फिरवून पाहावा.