आगोटीपासून दिवाळीपर्यंत : कोकणातलं परस

कोकणात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणून इथल्या परसात निम्मी मेहनत पाणी काढून देण्यात जाते. आगोटीच्या कामांत लाकडं भरणं येतं, तसंच चर मोकळे करणं आणि माती ओढून उंच वाफे करणंही येतं. मुळाशी पाणी तुंबलं की मिरचीचं रोप उभ्या उभ्या मान टाकतं. जांभ्याच्या मातीतून पाणी झरझर उतरतं खरं, पण जाताना खतही घेऊन जातं. शेणखत एकदम ओतलं तर पहिल्या झडीतच वहाळाला लागतं. ते थोडं थोडं द्यावं, वर पातेरा पसरावा.

परसाचं वैभव मात्र मांडवावर. दोडकं, पडवळ, कारलं जमिनीवर लोळलं की कुजतं. मांडवावर वारा खेळतो, पान लवकर सुकतं. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधतात. दगड बेताचा हवा, नाहीतर फळच देठातून सुटतं.

‘फुलं येतात, पण धरत नाहीत’ ही दर आषाढातली तक्रार. वेलाला आधी नरफुलं येतात, मादीफुलं मागून; मादीफुलाखाली चिमुकलं फळ आधीच दिसतं. संततधारेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, परागही भिजतात. अशा वेळी नरफूल खुडून मादीफुलावर हलकेच फिरवावं. काकडी-भोपळ्याला सकाळी, दोडक्याला संध्याकाळी, कारण त्याचं फूल तेव्हाच उमलतं. पुढे फळमाशी टपलेली असतेच. क्यू ल्यूरच्या सापळ्यात फक्त नर माश्या सापडतात, त्यामुळे सापळा टांगला तरी डंखलेली फळं उचलून नष्ट करावीच लागतात.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, असा नेम. त्या दिवशीच्या टोपात डोकावलं तर अळू, पडवळ, दोडकं, भेंडी, लाल भोपळा, माठ, मक्याची कणसं : भाद्रपदात परस काय देतं याची आयती यादीच. टोमॅटो त्यात नाही. जुलैत उघड्यावर टोमॅटो पिकवण्याचा हट्ट मला तरी कळत नाही. अळूची गोष्ट उलटी. त्याला पाणी हवंच, म्हणून ते न्हाणीच्या पाण्यावर लावायचं. त्याची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवलं की घशाला त्रास होत नाही.

सुरण आणि कणगर पावसाच्या तोंडाशी लावून विसरून जावेत. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडू लागली की काढायला येतात. कारांद्याचे कंद तर वेलावरच लटकतात, खणायचीही दगदग नाही.

मोठी जागा असलेल्यांनी गोव्यातलं एखादं कुळागर पाहून यावं : वर माड-पोफळी, त्यांच्या अंगावर मिरवेल, खाली केळी, अननस. माडाच्या सावलीत जायफळही होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अशा मसाल्याच्या बागांचा बराच प्रसार केला आहे. पण जायफळात नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात. बियांची रोपं लावली तर कोणतं काय निघालं हे कळायला पाच-सात वर्षं जातात. कलमंच घ्यावीत. आणि एकाच झाडापुरती जागा असेल, तर मादीच्या झाडावर नराची एक फांदी कलम करून घ्यावी.