भोर-वेल्ह्यात 11 गुंठ्यांचं फार्महाऊस घेताय? टोकन देण्याआधी सातबाऱ्यात या गोष्टी बघा

पहिला पाऊस पडला की मोबाईलवर रील सुरू होतात. मागे राजगड-तोरणा, समोर धरणाचं पाणी, वर ड्रोन आणि खाली एक ओळ: "पुण्यापासून दीड तासावर, 11 गुंठे, फक्त काही प्लॉट शिल्लक." रविवारी गाडी काढायची, प्लॉट बघायचा आणि संध्याकाळी टोकन देऊन परत यायचं, असे व्यवहार भोर-वेल्ह्यात सर्रास होतात.

पण रीलमध्ये दिसतो तो व्ह्यू. विकत मिळतो तो सातबारा. आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर आयुष्यभराची बचत अडकते. म्हणून चांगला एजंट गिऱ्हाईकाला आधी कागद दाखवतो, मग डोंगर. काय काय बघायचं, ते एकेक करून समजून घेऊ.

1. पहिला प्रश्न: तुम्ही शेतकरी आहात का?

महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या किंवा घराण्याच्या नावावर शेती नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "दाखल्याचं आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. बेकायदा ठरलेल्या व्यवहारात कलम 84-क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. तेव्हा दाखला बघून देणारा तुमच्यासोबत नसतो.

शेतकरी नसाल तर बिगरशेती, म्हणजे एनए झालेला प्लॉट हाच सरळ रस्ता.

2. 11 गुंठ्यांचं गणित

तुकडेबंदी कायद्यात जमिनीचा किमान आकार ठरलेला असतो. 2023 मध्ये सरकारने तो जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे केला. म्हणजे 11 गुंठे बागायत असेल तर दस्त होऊ शकतो. पण डोंगरउतारावरची जिरायत असेल तर गणित बसत नाही.

मग काय करतात? मोठ्या गटात दहा-पंधरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर लावतात. याला सामाईक सातबारा म्हणतात. जागेवर तारेचं कुंपण असतं, पण कागदावर तुमचा तुकडा कुठला, हे कुठेच लिहिलेलं नसतं. उद्या कर्ज काढायचं, विकायचं किंवा वाटणी करायची म्हटलं की बाकीच्या सगळ्यांच्या सह्या लागतात.

2025 मध्ये तुकडेबंदीचे नियम सैल झाले, हे खरं आहे. पण ती सवलत मुख्यतः शहरी हद्दीतल्या आणि निवासी किंवा इतर बिगरशेती वापरासाठी ठेवलेल्या जमिनींना आहे. भोर आणि वेल्ह्याचा काही भाग पीएमआरडीएत येतो, काही येत नाही. त्यामुळे आपल्या गट नंबरचा झोन दाखला काढल्याशिवाय काहीच गृहीत धरू नका.

3. जमीन घेता आली म्हणजे घर बांधता येतं असं नाही

शेतजमिनीवर एनए न करता शेतघर बांधायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 41 प्रमाणे किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण 40 गुंठे जमीन लागते. 11 गुंठ्यांवर "फार्महाऊस" हा शब्द जाहिरातीत बसतो, नियमात बसत नाही.

गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला कलम 42-ड खाली निवासी वापराची सोय आहे. त्यामुळे गावाला लागून असलेली जमीन कधीकधी डोंगरावरच्या जमिनीपेक्षा जास्त कामाची ठरते. आणि 1:5 पेक्षा जास्त उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. म्हणजे जिथून व्ह्यू सगळ्यात भारी, तिथेच अडचण जास्त.

4. "इतर हक्क" हा रकाना सोडू नका

भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं, ते 1948 मध्ये विलीन झालं. त्यामुळे इथे इनाम आणि वतनाच्या जमिनी बऱ्याच आहेत. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग 2" असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही.

दुसरं, हा धरणांचा मुलूख आहे. भोरमध्ये भाटघर आणि नीरा-देवघर, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी. त्यामुळे "पुनर्वसनासाठी राखीव" किंवा संपादनाचा शेरा आहे का ते बघा. "लेक टच" प्लॉट तर उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा बघाच. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन धरणासाठी संपादित झालेली असते, विकणाऱ्याची नसते.

तिसरं, "वन" किंवा "खाजगी वन" असा शेरा दिसला तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राच्या मसुद्यातही या भागातली गावं आहेत. साध्या घराला त्याने थेट बंदी येत नाही, पण मोठ्या टाऊनशिपची स्वप्नं कुणी विकत असेल तर गावाचं नाव यादीत आहे का ते तपासा.

5. रस्ता कागदावर आहे का?

मुरूम टाकलेला रस्ता दिसतो, पण तो शेजाऱ्याच्या बांधावरून जात असेल तर एका भांडणात बंद होतो. रस्ता गाव नकाशात आहे का, नसेल तर शेजाऱ्याने तो नोंदणीकृत दस्ताने दिलाय का, हे विचारा. कलम 143 खाली तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो, पण त्यात वेळ जातो.

6. दस्त झाला म्हणजे सगळं झालं असं नाही

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, मालकीची हमी देत नाहीत. दस्तानंतर तलाठी फेरफार धरतात, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. बहिणीचा किंवा चुलत्याचा हक्क डावललेला असेल तर हरकत इथेच येते.

मग क्रम काय ठेवायचा?

महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. तो आधी काढा. मग जुने फेरफार, झोन दाखला, वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि सरकारी मोजणीची "क" प्रत. प्लॉटिंगची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर महारेराचा नंबर मागा. अशा प्रकल्पात एजंटचाही नंबर लागतो.

मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव "राजगड" करायला मंजुरी दिली. त्यामुळे जुन्या कागदांवर वेल्हे आणि नव्यावर राजगड दिसलं तर घाबरू नका.

आणि एक लक्षात ठेवा. एजंटला दलाली व्यवहार झाल्यावरच मिळते, त्यामुळे घाई त्याला असते. "आज टोकन नाही दिलं तर उद्या जाईल" असं तो म्हणाला, तर जाऊ द्या. राजगड कुठे जात नाही, दुसरा प्लॉट मिळेल.