टॉर्क कन्व्हर्टर काढायचा कसा, आणि 'अपग्रेड' करायचा का?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप.

आमच्या काकांचा डावा गुडघा दुखतो, म्हणून त्यांनी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. भंडारा-नागपूर हायवेवर सत्तरच्या आसपास ती थरथरायला लागली. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "जास्त स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर टाका, अपग्रेड होऊन जाईल." काकांनी फोन मला लावला. मी सॉफ्टवेअरवाला, पण घरच्यांच्या मते बीटेकला सगळंच येतं.

आधी तुमच्या गाडीत तो आहे का ते बघा. स्विफ्टच्या एएमटीत साधाच क्लच असतो, फक्त तो मशीन दाबते. थार, ब्रेझाच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र टॉर्क कन्व्हर्टर. आपल्या गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनतात. तिथं काम केलेल्या शेजाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "बापू, आमचा हात क्लच प्लेटवर बसलेला, हे तेलाचं प्रकरण वेगळं."

तेलाचंच प्रकरण आहे ते. बादलीतलं पाणी हातानं गोल फिरवलं की वर तरंगणारी वाटीही फिरते ना? हात म्हणजे इंजिनकडचा पंप, वाटी म्हणजे गिअरबॉक्सकडची टर्बाइन. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, म्हणून गाडी उचलताना जोर वाढतो. पण वाटी हातापेक्षा थोडी मागेच राहते, आणि त्या घसरणीत पेट्रोल जळतं, तेल तापतं. म्हणून वेग आला की लॉकअप क्लच दोघांना घट्ट जोडतो. काकांची थरथर तिथलीच होती. रस्ता मोकळा बघून, अॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला हलका स्पर्श केला की लॉकअप सुटायचा आणि थरथर गायब!

काढायचा म्हणजे गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. लिफ्ट नसेल तर घरी नादाला लागू नका. बॅटरी सोडायची, तेल काढायचं, इंजिन पान्यानं फिरवत खिडकीतून फ्लेक्सप्लेटचे बोल्ट एकेक सोडायचे, मग गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर एकत्र खाली.

खरी गोम बसवताना आहे. नव्यात आधी थोडं तेल ओतायचं आणि तो फिरवत-फिरवत आत ढकलायचा. खाच पंपात पूर्ण बसली पाहिजे. गिअरबॉक्स इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं फिरला पाहिजे. फिरत नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळून जवळ ओढलं, तर पंप फुटला समजा. कूलरच्या नळ्याही धुवायच्या, नाहीतर जुना कचरा नव्यात जातो.

आता अपग्रेड. जास्त स्टॉल म्हणजे इंजिन जास्त आरपीएमला गेल्यावरच गाडी जोरात सुटणार. ड्रॅग रेसला ठीक. पण रोजच्या गाडीत घसरण वाढते, तेल जास्त तापतं, आणि आपला मे महिना तर तुम्हाला माहीतच आहे. शिवाय गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर जुन्या कन्व्हर्टरच्या हिशोबानं लिहिलेलं असतं. एक लायब्ररी बदलली की बाकीचं कोड रुसतं, तसंच हे.

काकांना मी आधी तेल तपासायला लावलं. काळं, जळकट वासाचं, त्यात चमकणारे कण. नुसतं तेल बदलून भागणार नव्हतं. शेवटी कंपनीच्याच मापाचा कन्व्हर्टर, कंपनीनं सांगितलेलं तेल आणि धुतलेला कूलर. काका परवा साकोलीला जाऊन आले, गुडघा न दुखवता.