खानदेशचा उन्हाळा आणि कूलरची निवड

सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्यें पसरलेल्या तापीच्या खोऱ्यांत मे महिन्याचें ऊन कसें असतें, हें जळगांव-धुळ्याच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. पारा 43-44 अंशांवर जाणें ही येथील नित्याची गोष्ट होय. कांहीं वर्षीं तो 45 अंशही ओलांडतो. पूर्वींच्या धाब्याच्या घरांना मातीच्या जाड भिंती असत. दुपारची उष्णता आंत पोंचेपर्यंत सायंकाळ होई. आजचीं सिमेंटच्या स्लॅबचीं घरें दिवसभर तापतात व मध्यरात्रीपर्यंत निवत नाहींत. म्हणून घरोघरीं कूलर आला. तो घेतांना किंमत व टाकीचा आकार पाहिला जातो. परंतु तो कोणत्या तत्त्वावर चालतो व कसा बसवावा, याचा विचार थोडेच लोक करितात. या अविचारानें कधीं पैसा वायां जातो, तर कधीं लेंकराच्या जीवावर बेततें.

कूलर म्हणजे विजेवर चालणारा माठच. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक लिटर पाणी उडून जातांना सुमारें 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातें. पंखा बाहेरची हवा ओल्या वाळ्यांतून किंवा जाळीतून ओढतो, तेथें पाणी उडतें व हवा निवते. हवा जितकी कोरडी, तितका हा व्यापार जोरांत चालतो. आपल्या गांवीं कूलर किती उपयोगी पडेल, हें विकत घेण्यापूर्वींच जाणण्याची एक सोपी युक्ति आहे, व ती आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावी. हवेचें तापमान दाखविणारे दोन सारखे तापमापक घ्यावे (ताप पाहण्याचा येथें उपयोगी नाहीं). एकाच्या पाऱ्याच्या गोळ्यास मलमलीचें ओलें फडकें गुंडाळावें, दुसरा कोरडाच ठेवावा, आणि दोहोंस सावलींत पंख्याचा वारा घालावा. कोरडा 43 अंश दाखवीत असतां हवेंतील आर्द्रता शेंकडा 15 असेल, तर ओला सुमारें 23 अंशांवर उतरतो. हें वीस अंशांचें अंतर हीच आपली पुंजी. चांगला कूलर त्यांतील चार पंचमांश पदरांत टाकतो. म्हणजे खोलींत येणारी हवा 27 अंशांच्या आसपास असते.

हेंच यंत्र मुंबई बंदरांतील एखाद्या मोटार-होडीवर नेलें तर? तेथें हवा 34 अंश व आर्द्रता शेंकडा 65 असल्यास ओला तापमापक 28 अंशांच्या खालीं उतरत नाहीं. चार-पांच अंशांचा लाभ व अंगाला चिकटणारा दमटपणा, एवढेंच पदरीं पडेल. म्हणून होडीच्या केबिनमध्यें दाबयंत्राचा वातानुकूलक बसवितात. गंमत अशी कीं, त्यालाही पाणी लागतेंच. पंपानें ओढलेलें समुद्राचें पाणी नळ्यांभोंवतीं फिरवितात, तें केबिनमधील उष्णता घेतें व पुन्हां समुद्रांत सोडलें जातें. आपण पाणी उडवून उष्णता घालवितों, होडीवाला ती वाहवून देतो. अशा वातानुकूलनाचा आरंभ विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्यानें 1902 साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं केला, आणि तोही माणसांच्या सुखाकरितां नव्हे, तर दमट हवेनें कागद फुगून रंगांची छपाई बिघडत असे म्हणून!

आतां निवडीकडे वळूं. 12 फूट लांब, 10 फूट रुंद व 10 फूट उंच खोलींत 1,200 घनफूट हवा मावते. दर दोन मिनिटांनीं ती बदलावी असा ठोकताळा धरल्यास मिनिटाला 600 घनफूट, म्हणजे तासाला सुमारें 1,000 घनमीटर हवा देणारा कूलर पुरे होतो; त्याहून मोठा घेणें हा केवळ डौल. असा कूलर कडक दुपारीं तासाला सात लिटरांच्या आसपास पाणी पितो. वीज मात्र तो 150 ते 200 वॅटच घेतो, तर दीड टनी वातानुकूलक 1,500 वॅटपर्यंत खातो. ज्या गांवीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें दहा तासांत सत्तर लिटर पाणी हवेंत उडविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तेथें आधीं छताला चुना लावावा व पश्चिमेच्या खिडक्यांवर जाड पडदे घालावे.

कूलर नेहमीं खिडकींत, तोंड आंत व पाठ बाहेर, असा बसवावा, आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी. पुष्कळ घरांत "गारवा बाहेर जाईल" म्हणून दारें-खिडक्या लावून घेतात. मग तीच ओली हवा पुनःपुन्हां जाळीतून फिरते, पाणी उडेनासें होतें, आणि तासाभरांत मुंबई घरांत अवतरते! दारें लावणें हा वातानुकूलकाचा नियम आहे, कूलरचा नव्हे. दोन्ही यंत्रें एकाच खोलींत एकदम चालविणें तर शुद्ध वेडेपणा. एकानें घातलेली ओल दुसऱ्यानें वीज खर्चून काढीत बसावयाची.

परंतु सर्वांत मोठी काळजी विजेची. पत्र्याची पेटी, आंत पाणी, पाण्यांत बुडालेला पंप, आणि त्याची वर्षभर अडगळींत पडलेली तार! तारेचें आवरण तडकलें कीं सगळी पेटी जिवंत होते. दर उन्हाळ्यांत कूलरच्या धक्क्यानें कोणाचा तरी मृत्यु झाल्याचें वर्तमानपत्रांत वाचावें लागतें. यास्तव पेटीस अर्थिंग असलेली तीन पिनांचीच जोडणी असावी, व मोसमाच्या आरंभीं ती जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. मुख्य फळीवर असावा. पेटींतून थोडा जरी प्रवाह गळूं लागला तरी तो क्षणार्धांत वीज तोडतो. साध्या फ्यूजकडून हें होत नाहीं. तो तारेला जळण्यापासून वांचवितो, माणसाला नव्हे. पाणी भरण्याचें काम बहुधा मुलांकडे असतें. त्यांनीं बटण बंद करण्यावर न थांबतां पिनही काढावी, मगच पेटीस हात लावावा. आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहूं नये.

टाकींतील स्वच्छ, स्थिर पाणी डेंग्यूच्या डांसांस फार आवडतें. अंड्यापासून डांस होण्यास सुमारें आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एकदां टाकी रिकामी करून सुकवावी. नुसतें पाणी ओतून देणें पुरेसें नाहीं, कारण अंडीं कडांना चिकटून असतात व कोरडींही महिनोन् महिने जगतात. कडा ब्रशानें घासल्या पाहिजेत. विहिरीचें पाणी जड असल्यास क्षार मागें राहून जाळीवर पांढरा थर धरतो, तोही याच वेळीं जुनें पाणी काढून टाकल्यानें आटोक्यांत राहतो.

जूनमध्यें पावसाळी वारे सुरू झाले कीं ते दोन तापमापक पुन्हां बाहेर काढावे. त्यांच्यांतील अंतर पांच-सहा अंशांवर आलें म्हणजे कूलरचा मोसम संपला. मग पंप काढून घरांत ठेवावा, वाळा उन्हांत वाळवावा, आणि टाकी पुसून, झांकण घालून, पावसाचें पाणी सांचणार नाहीं अशा जागीं ठेवावी.